मागून गाडी

चाकात हवा भरलेली होती. कामावरून परतल्यावर दाराबाहेरच्या बोळात भिंतीला टेकून उभ्या असलेल्या दोन सायकलींपैकी आपल्या सायकलीचं पुढचं चाक अंगठ्याने दाबून बघायचं, ही त्याची जुनी सवय. तिच्यात काही हेतू नव्हता. किल्ली शोधताना दुसऱ्या हाताला काहीतरी हवं म्हणून तो ते करायचा. आज अंगठा आत गेला नाही. त्याने पुन्हा दाबलं. मग मागचं चाक दाबलं, मग तिच्या सायकलीची दोन्ही. चारही चाकं टणक. साखळीवर ताजं तेल होतं आणि पंप, जो नेहमी माळ्यावर पडलेला असायचा, तो जोड्यांच्या फळीशेजारी नीट उभा होता. किल्ली हातात आली होती तरी तो दारासमोर उभाच राहिला. इतक्या वर्षांच्या संसारात चाकात हवा भरणं त्याच्याकडे होतं आणि पाण्याच्या बाटल्या, जादा ट्यूब, सुका खाऊ तिच्याकडे. हे कुणी कधी ठरवलं नव्हतं. पण ठरवलेल्या गोष्टी माणसं मोडतात. न ठरवलेल्या मोडल्या की मात्र दार उघडवत नाही.

आत ती पडद्याच्या कापडाचे नमुने टेबलावर पसरून बसली होती. पडदे शिवणाऱ्या कारखान्यात ती कापणीचं काम बघायची, आणि तिची कात्री एकदा कापडात शिरली की थांबायची नाही, असं तिथे म्हणायचे. तिने मान वर न करता विचारलं, "शनिवारी किनाऱ्याला जाऊ या का?"

"आत्ता? वारा किती असेल."

"असू दे की."

"बरं," तो म्हणाला, आणि हातपाय धुवायला गेला. नळ सोडून नुसताच उभा राहिला.

किनारा म्हणजे समुद्र नव्हे. समुद्र शहरालाही होता, बसने जाऊन बघता येईल असा. किनारा म्हणजे तो एक रस्ता. नवा हायवे आतून काढला तेव्हा सगळी वाहतूक तिकडे वळली आणि जुना रस्ता पाहुणे निघून गेल्यावरच्या घरासारखा मागे उरला. आधी शेतांमधून वर चढतो, मग कड्याच्या काठाकाठाने जातो, खाली समुद्र, आणि शेवटी एका ओसाड धक्क्यापाशी उतरतो. तासन् तास त्यावर चिटपाखरू नसतं. एखादी मासळीची गाडी, एखादा ट्रॅक्टर, कधीमधी वाट चुकलेलं कुणी. म्हणून तिथे दोघांना शेजारी-शेजारी सायकल चालवता यायची. आणि शेजारी-शेजारी चालवता आली की बोलता यायचं. मागून आवाज आला की ज्याला आधी ऐकू येईल त्याने म्हणायचं, "मागून गाडी." मग एकाने वेग कमी करून मागे पडायचं, एकामागे एक व्हायचं, गाडी जाऊ द्यायची आणि पुन्हा शेजारी यायचं. गाडीमुळे जे वाक्य अर्धवट तुटलं असेल ते पुन्हा उचलायचं नाही, हा त्यातला खरा नियम. तोही कुणी केला नव्हता. पहिल्यांदा कधीतरी असं झालं असेल, दुसऱ्यांदाही झालं असेल, आणि मग तेच वळण पडलं.

त्यांच्या आयुष्यात जे काही घडलं ते त्या रस्त्यावर बोलून घडलं. लग्नाचं त्याने तिला तिथेच विचारलं होतं, तेही अगदी चढावर, म्हणजे गाढवपणाच. ती धापा टाकत म्हणाली, "चढ संपू दे, मग सांगते," आणि वर पोहोचल्यावर पाणी पिऊन, तोंड पुसून, बाटलीचं झाकण लावून मग "हो" म्हणाली होती. डॉक्टरांकडच्या खेपा संपवायच्या, मूल नाही तर नाही, हेही तिथेच. "पुरे आता. माझ्याच्याने नाही होत हे परत परत," ती समोर बघत म्हणाली होती, आणि तो "बरं" म्हणाला होता. मग खूप वेळ दोघांच्या साखळ्यांचा आवाज एका लयीत येत राहिला होता, आणि त्याला वाटलं होतं की इतकं जवळ आपण कुणाच्या कधी नव्हतो. त्याच्या आईचंही तिथेच झालं, किंवा झालं नाही. "आईला आता एकटीला ठेवणं," एवढं तो बोलला आणि मागून मासळीची गाडी आली. ती गेल्यावर बायकोने कड्यावरचा एक पांढरा पक्षी दाखवला. तो पक्षी त्याने पाहिला. आई मोठ्या भावाकडे गेली, तिथेच वारली, आणि भावजय अजूनही फोनवर "तुमचं बरंय बाई दोघांचं" असं म्हणते.

घरात ती दोघं बोलायची नाहीत असं नाही. गॅस संपत आलाय, वरच्यांकडून पाणी झिरपतंय, किल्ली फळीवर आहे, तुझा डबा जड लागतोय, काय भरलंयस. खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या की म्हणायच्या, "तुमच्या घरातून कधी आवाज म्हणून येत नाही हो. नाहीतर आमच्याकडे. भांड्याला भांडं लागलं तर बरं, आमच्याकडे भांडं डोक्याला लागतं." आणि तो हसायचा, त्याला ते भूषण वाटायचं. त्या घरात सगळं व्यवहाराचं आणि त्या रस्त्यावर सगळं मनाचं. अशी वाटणी असलेली माणसं कमी असतील, पण होती ती सुखाने होती. तेव्हा आता, भर वाऱ्याच्या दिवसांत, चाकात स्वतः हवा भरून ती शनिवारी किनाऱ्याला चल म्हणते, याचा अर्थ उघड होता. तिला काहीतरी सांगायचं होतं. आणि काय सांगायचं होतं तेही त्याला ठाऊक होतं.

तिच्या धाकट्या बहिणीने दूरच्या शहरात स्वतःचा पडद्यांचा कारखाना काढला होता आणि तिला कापणी सांभाळायला माणूस हवं होतं. फोन बाल्कनीत जाऊन व्हायचे. मोठ्या बॅगेची तुटलेली चेन दुरुस्त होऊन आली होती. कपाटातले तिचे हिवाळी कपडे बाहेर काढून, ऊन दाखवून, पुन्हा आत न जाता खुर्चीवर थांबले होते. हे सगळं त्याने पाहिलं होतं, हलणारा दात असतो तसं. जीभ सारखी तिथे जाते, पण आपण दाबून बघत नाही. ती सोडून जाणार होती. बहिणीच्या मदतीला चार दिवस नव्हे, कायमची. आणि त्या रस्त्यावर बोललेलं सगळं खरं व्हायचं, तर एकदा ती तिथे बोलली की तेही खरं होणार होतं.

दुसऱ्या दिवशी कामावर त्याने एका म्हाताऱ्या बाईच्या कवळीत वरचे दात खाली बसवले. दात बनवण्याच्या त्या छोट्या कारखान्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. डॉक्टरांकडून लोकांच्या जबड्यांचे ठसे यायचे, त्यात प्लास्टर ओतायचं, गुलाबी मेणात दात एकेक करून उभे करायचे. सगळी उघडी तोंडं, आणि एकही बोलत नाही. शेजारच्या टेबलावरचा सहकारी, ज्याला कायम भुवयांपर्यंत पांढरा असल्यामुळे सगळे प्लास्टर म्हणायचे, त्याने ती कवळी उचलून आपल्या तोंडासमोर धरली.

"ही बाई आता उलटी हसणार. काय झालंय तुला?"

"काही नाही."

"वहिनी काही बोलल्या?"

"नाही."

"मग रडतोस कशाला? बायको बोलत नाही तोवर माणूस राजा. आमच्याकडे सकाळी नळाला पाणी येतं आणि तिच्या तोंडाला शब्द. पाणी तरी तासाभराने जातं." असं म्हणून प्लास्टरने घासायचं यंत्र चालू केलं. तो आणखी काही सांगत होता, ओठ हलत होते, पण यंत्राच्या घरघरीत एक अक्षर ऐकू येत नव्हतं. त्या हलणाऱ्या ओठांकडे बघता बघता त्याला ती कल्पना सुचली. इतकी साधी होती की आधी त्याला स्वतःचीच लाज वाटली, आणि संध्याकाळपर्यंत वाटायची थांबली.

शनिवारी जिना उतरताना तो म्हणाला, "जुन्या रस्त्याचं काम काढलंय म्हणे. हायवेने जाऊ."

"कोण म्हणालं?"

"प्लास्टर."

"त्याला काय ठाऊक? तो घराबाहेर पडतो का?"

"त्याचा साडू आहे त्या बाजूला."

ती त्याच्याकडे बघत राहिली. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली अडकवला. "बरं," म्हणाली.

मग हायवे. हायवेवर शेजारी-शेजारी चालवायचा प्रश्नच नव्हता. पांढऱ्या पट्ट्याच्या बाहेर वीतभर डांबर, त्यावर काचा, खडी, टायरच्या चिंध्या, आणि पट्ट्याच्या आत सगळं जग एकाच दिशेने धावत होतं. तो पुढे, ती मागे. प्रत्येक ट्रक आधी पाठीवर यायचा, मग कानात, मग अख्खी सायकल बाजूला ढकलून पुढे जायचा आणि जाताना आपल्यामागे त्यांना ओढायचा. डोळ्यांत धूळ, दातांत धूळ. या रस्त्याला तो आयुष्यभर शिव्या देत आला होता, आणि आज त्याला इथे आईच्या कुशीत असल्यासारखं वाटत होतं. इथे कुणीही कुणाला काहीही सांगू शकत नव्हतं. असंच जात राहावं, त्याला वाटलं, रस्ता संपेपर्यंत, आणि हायवे तर संपत नसतात, एकातून दुसरा निघतो, तेव्हा आपण दोघं म्हातारी होईपर्यंत असंच एकामागे एक, आणि मग कधीतरी ती थकून म्हणेल की जाऊ दे, जे सांगायचं होतं ते आता

ट्रक.

तिच्या पुढच्या चाकाची गुणगुण मागून येत होती, दोन ट्रकांच्या मधल्या जागेत. तेवढी ऐकू आली की तो निर्धास्त व्हायचा. आहे. अजून आहे. ती रागावलेली असेल का? रागावणं तिला कधी नीट जमलं नाही. राग आला की ती खिडक्या पुसायची. गेल्या वर्षभरात मात्र तिने खिडक्या पुसलेल्या त्याला आठवत नव्हत्या, आणि काचा मळल्या आहेत हे त्याने पाहिलं होतं, त्यावरून त्याने असा निष्कर्ष काढला होता की ती सुखात आहे, की निदान तिला आता कशाचाच

टँकर. मागोमाग दुसरा.

आईला शेवटी भेटायला तो गेला तेव्हा आई म्हणाली होती, तुम्ही दोघं तिकडे समुद्राकडे जाता ना, काय करता तिथे? बोलतो, तो म्हणाला होता. आई हसली होती. बोलायला इतक्या लांब? घरात काय

बस. बसच्या खिडकीतून कुणीतरी त्यांच्याकडे बघून हात हलवला.

आणि मग पूल आला. खाडीवरच्या त्या लांब पुलाच्या तोंडाशी सायकलवर तिरपी रेघ मारलेली गोल पाटी होती. ती तिथे असणार हे त्याला ठाऊक होतं, दर वर्षी लांबून दिसायची, पण तीन दिवसांत तिची एकदाही आठवण झाली नव्हती. त्याने ब्रेक दाबले. ती शेजारी येऊन थांबली, एक पाय जमिनीवर, चेहऱ्यावर काजळी, घामाने तिचे ओघळ झालेले.

"सायकलींना बंदी," ती म्हणाली.

"हं."

"मग आता जुन्याच रस्त्याने जावं लागणार."

"परत फिरू या का?"

"इतकं येऊन?"

फाट्यावरून ते वळले. बंद पडलेला बर्फाचा कारखाना मागे पडला, शेतं सुरू झाली, आणि हायवेचा आवाज कुणी दार लोटल्यासारखा मिटला. रस्ता धडधाकट होता. खडीचा ढीग नाही, डांबराचं पिंप नाही, कामावर कुणी नाही. एक जुना, स्वच्छ, राखाडी रस्ता उन्हात लांबवर पडला होता.

"काम झालेलं दिसतंय," ती म्हणाली.

"हो."

"लवकर उरकलं."

ती शेजारी आली. अगदी नेहमीच्या अंतरावर, हँडलला हँडल लागणार नाही पण हात लांब केला तर खांद्याला लागेल अशी. चढ सुरू झाला. त्याचे सगळे प्राण कानात गोळा झाले होते, आणि कान मागे लागले होते. एक गाडी. कुठलीही. एका शेतात ट्रॅक्टर चालू होता, त्याच्या आवाजाने तो आशेने ताठ झाला, पण ट्रॅक्टर बांधापाशी वळला आणि पुन्हा आत गेला. चढ संपला, शेतं संपली, आणि एकदम समुद्र उघडा पडला, पार क्षितिजापर्यंत, वाऱ्याने उलटसुलट घासून काढलेला. कड्याच्या काठावरचं गवत सगळं एका बाजूला झोपलं होतं. उतरत्या उन्हात पाण्याचा एक पट्टा इतका चकाकत होता की त्याच्याकडे बघवेना. जागा हीच, हवा हीच, अंतर हेच, आणि आता कुठल्याही क्षणी ती बोलणार. एक वळण गेलं. दुसरं गेलं. ती पाय मारत होती, समोर बघत होती, वाऱ्यापुढे डोळे बारीक केलेले. बोलत नव्हती. फाशी देणारा वेळेवर आला नाही तर कैदीच त्याला हाक मारत असेल. त्याच्याने राहवेना.

"बोल आता," तो म्हणाला.

"काय?"

"जे बोलायला आलो ते."

"बोलायला कुठे? सायकल चालवायला आलो."

"मग हवा तू का भरलीस?"

"मला जमायला नको? तिकडे कोण भरून देणार आहे?" ती अगदी सहज म्हणाली. "आधी तुझ्या चाकावर करून बघितलं. काही बिघडलंच असतं तर तुला नीट करता आलं असतं."

"तिकडे म्हणजे?"

"धाकटीकडे."

"म्हणजे ठरलं?"

तिने पहिल्यांदा मान वळवून त्याच्याकडे बघितलं. तो थट्टा करतोय का ते ती बघत होती. "अरे, सांगितलं की तुला. तू बरं म्हणालास."

पाय मारणं चालू होतं. पायांना काही कळत नव्हतं म्हणून ते चालू होतं. आणि मग त्याला ते दिसलं, आठवलं म्हणण्यापेक्षा दिसलं. स्वयंपाकघर. तो ओट्याखालच्या नळीपाशी डोकं घालून उताणा झोपलेला, वरून थेंब थेंब पाणी मानेत. तिचे पाय दिसत होते, फक्त घोट्यापर्यंत, घरातल्या सपाता घातलेले. वरून तिचा आवाज आला होता. पुढच्या महिन्यात मी धाकटीकडे जाते आहे, परत यायचं नाही असं मनात आहे. गॅस संपत आलाय म्हणावं त्या आवाजात. आणि तो म्हणाला होता, बरं, तो मोठा पान्हा दे जरा. पाय थोडा वेळ तिथेच राहिले होते. मग खाली वाकून तिने पान्हा दिला होता. नळ दुरुस्त झाला होता. त्याने हात पुसून तो दोनतीनदा सोडून-बंद करून तिला दाखवलाही होता.

"मला वाटलं," तो म्हणाला. "मला वाटलं, घरात बोलते आहेस."

"घरातच राहतो ना आपण."

"तसं नाही. घरात आपण असं... इथे सांगायचंस."

"इथे नसतं जमलं." ती पुन्हा समोर बघायला लागली. वाऱ्यामुळे तिला जरा मोठ्याने बोलावं लागत होतं, त्यामुळे साधं बोलणंही दूरच्या कुणाला तरी सांगितल्यासारखं येत होतं. "इथे आपण फार चांगली माणसं असतो रे. मी सांगितलं असतं, तू दोन शब्द बोलला असतास, समुद्र होताच, मी राहिले असते. मग घरी गेलो असतो. दर वर्षी तेच होतं. इथली ती दोघं घरी पोहोचतच नाहीत. जिन्यापर्यंत असतात. मग तू कुलूप काढतोस आणि मी बाटल्या धुवायला घेते. मी खूप वाट बघितली त्यांची."

त्याने हँडलवरची पकड बदलली.

"आजचं म्हणशील तर मला नुसतं एकदा यायचं होतं. काही बोलायचं नव्हतं. हायवेने आणलंस तेव्हा मला हसूच आलं. म्हटलं, साडूने रस्ता खणला."

ती खरंच थोडी हसली. मग तिने पाय मारणं हळू केलं, इतकं हळू की सायकल जेमतेम उभी राहावी. तिचा वेग त्याला आयुष्यभर पाठ होता. हा वेग तिचा नव्हता. तिने त्याच्यासाठी जागा केली होती. चांगलं माणूस असण्याच्या या जागेत, या शेवटच्या खेपेत, त्याला काही म्हणायचं असेल तर म्हणावं म्हणून ती थांबल्यासारखी चालली होती. दोन शब्द, ती म्हणाली होती. कुठले दोन ते त्याला ठाऊक होतं. नको जाऊस. ते जिभेवर आले, दातांच्या आतल्या बाजूला येऊन उभे राहिले, आणि त्यांच्यामागोमाग त्याला पुढचं सगळं दिसलं: ती डोळे पुसेल, बरं म्हणेल. मग धक्का, मग परतीची वाट, मग जिना. कुलूप. बाटल्या. आणि बोळात चाक दाबून बघत उभा असलेला तो, उद्या, परवा, पुढच्या वाऱ्यात. ती खोटं बोलत नव्हती. घरी काय घेऊन जायचं हे त्याला ठाऊक नव्हतं, तिला ठाऊक होतं की त्याला ठाऊक नाही, आणि तरी ती हळू चालली होती. रस्ता पुढे रिकामा होता. मागे रिकामा होता. कुणीही येत नव्हतं. इतका वेळ त्याला कधी कुणी दिला नव्हता. त्याने तोंड उघडलं. वारा आत शिरला, दातांपर्यंत गार.

आणि त्याने ब्रेक हलकेच दाबले. त्याचं हँडल तिच्या कोपराच्या मागे गेलं, मग सीटच्या मागे, मग चाकाच्या. तो तिच्या मागे आला.

शेजार रिकामा झालेला तिला जाणवला. वाऱ्यात मागचं काही ऐकू येत नव्हतं. तिने मान न वळवता, नुसती हनुवटी खांद्याकडे आणून विचारलं, "गाडी आहे का?"

"हो," तो म्हणाला.

ती लगेच कडेला झाली. दोन्ही हात हँडलवर घट्ट धरले, खांदे आवळले, आणि गाडी पुढे जायची वाट बघत ती चालवत राहिली.